टोळीतला खून, जन्मठेप आणि अपील

२०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दोन जुन्या टोळीप्रमुखांविषयी तीन आठवड्यांच्या आत दोन आदेश दिले. २८ ऑगस्टला अरुण गवळीला जामीन मिळाला आणि १७ सप्टेंबरला छोटा राजनचा जामीन रद्द झाला. दोघांनाही मोक्काच्या विशेष न्यायालयाने खुनाच्या खटल्यात जन्मठेप ठोठावलेली होती आणि दोघांच्याही अपिलांचा निकाल लागायचा होता. मग एक जण नागपूरच्या तुरुंगातून बाहेर आला आणि दुसऱ्याची सवलत काढून घेतली गेली, हे कसं? आणि मुळात जन्मठेप लागलेल्या माणसाला जामीन मिळतोच कसा?

अपिलाविषयी आपल्याकडे बराच गैरसमज आहे. सिनेमात वरच्या कोर्टात खटला नव्याने रंगतो आणि हरवलेला साक्षीदार ऐनवेळी धावत येतो. प्रत्यक्षात मुंबई उच्च न्यायालयात फौजदारी अपील चालतं तेव्हा साक्षीदाराचा पिंजरा रिकामाच असतो. दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ, दोन्ही बाजूंचे वकील आणि समोर पेपरबुक, एवढाच पसारा. पेपरबुक म्हणजे खालच्या कोर्टातल्या खटल्याची बांधलेली प्रत. त्यात प्रत्येक साक्ष, उलटतपासणी, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, आरोपीचा जबाब आणि निकालपत्र असतं. सत्र न्यायालयात जे कागदावर आलं नाही, ते अपिलासाठी जवळपास घडलेलंच नाही. जादा पुरावा घेण्याचा किंवा खटला पुन्हा चालवायला पाठवण्याचा अधिकार वरच्या न्यायालयाला आहे, पण तो क्वचितच वापरला जातो. म्हणून जाणते फौजदारी वकील सत्र न्यायालयात उलटतपासणी घेतानाच अपिलाचा विचार करतात. साक्षीदाराला आज विचारायचा राहिलेला प्रश्न सात वर्षांनी खंडपीठापुढे विचारता येत नाही.

गवळीचं प्रकरण घेऊ. फेब्रुवारी २००७च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेचे कमलाकर जामसंडेकर घाटकोपरजवळच्या असल्फा भागातून निवडून आले. गवळीच्या अखिल भारतीय सेनेचा उमेदवार त्यांच्याकडून साडेतीनशेच्या आसपास मतांनी हरला. २ मार्च २००७ रोजी मारेकऱ्यांनी जामसंडेकरांच्या घरात शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकार पक्षाचं म्हणणं असं, की स्थानिक वैर असलेल्यांनी ३० लाखांची सुपारी दिली आणि ती गवळीच्या अड्ड्यावर, दगडी चाळीत, स्वीकारली गेली. गवळी तेव्हा चिंचपोकळीचा आमदार होता. मे २००८मध्ये त्याला अटक झाली. ऑगस्ट २०१२मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप आणि १७ लाखांचा दंड ठोठावला. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये शिक्षा कायम केली.

गवळी त्या दिवशी असल्फ्यात होता, असं सरकार पक्षही म्हणत नव्हता. टोळीच्या खुनाच्या अपिलात युक्तिवाद बहुधा याच ठिकाणी एकवटतो. गोळी कोणी झाडली हा भाग त्या मानाने सोपा असतो. तिथे प्रत्यक्षदर्शी असतात, ओळख परेड असते, पिस्तूल आणि पुंगळ्यांचा बॅलिस्टिक अहवाल असतो. झाडणाऱ्यापासून झाडायला लावणाऱ्यापर्यंत पोहोचायचं कसं, हा अवघड भाग. मधल्या प्रत्येक माणसाला फक्त आपल्या वरचा आणि आपल्या खालचा ठाऊक असावा, अशीच टोळीची रचना असते.

कायद्याने हे अंतर ओलांडायला तीन वाटा दिल्या आहेत. पहिली समान उद्देशाची, म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम ३४. त्यात माणसाने गुन्ह्यात काहीतरी वाटा उचललेला असावा लागतो, मग तो बाहेर मोटारसायकल चालू ठेवून थांबण्याएवढा का असेना. दुसरी बेकायदा जमावाची, कलम १४९. दोन टोळ्या रस्त्यावर भिडल्या आणि त्यात एक जण मेला, तर पोलीस पंचवीस-तीस नावं याच कलमाखाली घालतात. बघ्यांची नावंही त्या यादीत सहज जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालच्या मसाल्टी प्रकरणात त्यावर एक व्यावहारिक चाळणी सांगितली. आरोपींचा आणि साक्षीदारांचा असा मोठा घोळका असेल तर एखादं नाव एकाच साक्षीदाराच्या तोंडी आलं आहे की अनेकांच्या, हे पाहावं. अपिलात अशा खटल्यांतली बरीच नावं याच चाळणीतून गळतात. तिसरी वाट कटाची, कलम १२०-ब. तीत माणूस जागेवर नसला तरी चालतं, पण करार झाल्याचं दाखवावं लागतं. हा करार कोणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे तो आजूबाजूच्या गोष्टींवरून, म्हणजे भेटी, फोन, पैसे आणि नंतरचं वागणं यांवरून ताडावा लागतो. १ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे क्रमांक बदलले. मात्र त्याआधीच्या खुनांना जुनीच कलमं लागू राहतात, त्यामुळे अजून बरीच वर्षं उच्च न्यायालयांत ३०२, ३४ आणि १२०-ब हेच आकडे ऐकू येतील.

परिस्थितिजन्य पुराव्याचा विषय निघाला की देशभरातल्या कोर्टांत पुण्याच्या एका प्रकरणाचं नाव येतं. ‘शरद बिर्दीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा १९८४चा निकाल. ते टोळीचं प्रकरण नव्हतं. विवाहितेच्या मृत्यूचा खटला होता आणि सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयानेही कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं आणि पाच कसोट्या सांगितल्या. वकिलांच्या बोलण्यात त्या ‘पंचशील’ म्हणून ओळखल्या जातात. त्यांचा सारांश असा, की प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे, सगळे मिळून आरोपीकडेच बोट दाखवणारे असले पाहिजेत आणि दुसरी कोणतीही वाजवी शक्यता उरता कामा नये. त्याच्याही आधी, १९७३ साली शिवाजी साहेबराव बोबडे प्रकरणात, आरोपी ‘गुन्हेगार असू शकतो’ आणि ‘गुन्हेगारच असला पाहिजे’ यांतलं अंतर मोठं आहे, असं न्यायालयाने बजावलं होतं. टोळीप्रमुखाच्या अपिलात बचावाचा सगळा युक्तिवाद या अंतरावर उभा असतो. टोळीचा म्होरक्या म्हणजे त्याला ठाऊक असणारच, हे रस्त्यावर पटतं. कागदावर मात्र ते ‘असू शकतो’च्या पुढे जात नाही.

ही अडचण ओळखूनच महाराष्ट्राने १९९९ साली मोक्का आणला, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. त्याआधी मुंबईतल्या टोळ्यांवर टाडा हा दहशतवादविरोधी कायदा लावला जाई. टाडा १९९५ साली संपला आणि त्यानंतर खंडणी आणि सुपारीच्या खुनांनी शहर हैराण झालं होतं. मोक्काने पोलिसांच्या हातात बरंच काही दिलं. जामिनाच्या कडक अटी आल्या, फोनवरचं संभाषण पुरावा म्हणून वापरता येऊ लागलं आणि संघटित गुन्ह्यात माणूस मेला तर फाशी किंवा जन्मठेप, शिवाय किमान एक लाखाचा दंड ठरला. अपिलाच्या दृष्टीने सगळ्यात वजनदार कलम मात्र अठरावं. पोलिसांपुढे दिलेली कबुली साध्या कायद्यात पुरावाच धरली जात नाही. ब्रिटिशांनी १८७२च्या पुरावा कायद्यातच तसं लिहून ठेवलं होतं, कारण कोठडीत कबुली कशी निघते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मोक्काने ही भिंत पाडली. पोलीस अधीक्षक दर्जाच्या, म्हणजे मुंबईत पोलीस उपायुक्ताच्या, किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली ग्राह्य ठरली. आणि ती फक्त देणाऱ्याविरुद्ध नाही. एकत्र खटला चालत असेल तर सहआरोपीविरुद्धही चालते. झाडणाऱ्याने ‘भाईने सांगितलं’ असं म्हटलं की मधलं अंतर एका वाक्यात संपतं.

टाडातल्या अशाच तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या कर्तारसिंग निकालात बहुमताने वैध ठरवलं होतं. तेव्हा ही तरतूदच घटनाबाह्य आहे, असं म्हणून आता फारसं काही हाती लागत नाही. लढाई होते ती कबुली नोंदवण्याच्या पद्धतीवर. बोलणं तुझ्यावर बंधनकारक नाही, हे आधी आरोपीला सांगावं लागतं. मग विचाराला किमान चोवीस तास द्यावे लागतात. कबुलीनंतर विनाविलंब त्याला मूळ जबाबासह मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. तिथे त्याने मारहाणीची तक्रार केली तर वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. अपिलाचा वकील या कागदांवरच्या वेळा मिनिटामिनिटाने जुळवून पाहतो. मधल्या चोवीस तासांत आरोपी कोणाच्या ताब्यात होता? कबुली घेणारा अधिकारी तपासाशी आधीच जोडलेला होता का? पहिली संधी मिळाल्याबरोबर आरोपीने कबुली मागे घेतली की खटला उभा राहिल्यावर आठवण झाली? आणि तीन वेगवेगळ्या माणसांच्या कबुल्यांत तीच वाक्यं त्याच क्रमाने येत असतील तर न्यायमूर्तींना फार समजावून सांगावं लागत नाही.

कबुली टिकली तरी काम संपत नाही. मागे घेतलेली कबुली सहआरोपीवर लावायची असेल तर तिला बाहेरचा दुजोरा शोधायचा, ही शिस्त न्यायालयांनी टाडाच्या काळापासून पाळली आहे. तो दुजोरा हल्ली बहुधा मोबाइलमधून येतो. टॉवरची नोंद आणि कॉलचा तपशील हे कागद जुन्या पुरावा कायद्याखालच्या खटल्यांत दाखल करायचे तर त्याच्या कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र लागतं. जालन्यातल्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं पक्कं केलं. निवडणुकीच्या भांडणातून आलेला हा निकाल तेव्हापासून खुनाच्या अपिलांत सतत उद्धृत होतो. प्रमाणपत्र नसेल तर कॉलची शंभर पानं बाजूला पडू शकतात. तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने ही एका सहीची चूक, पण तिच्यावर कटाचा अख्खा दुवा तुटू शकतो.

दुसरी नेहमीची लढाई मंजुरीची. मोक्का लावायला आधी पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता आणि न्यायालयाने दखल घेण्याआधी अपर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल झालेली आणि त्यांची न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागते. पूर्वी अनेक वकील म्हणत, माझ्या अशिलावर एकच गुन्हा आहे, त्याला मोक्का कसा? ती आरोपपत्रं टोळीविरुद्ध असली म्हणजे पुरे, प्रत्येक माणसाविरुद्ध असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. त्यामुळे हा युक्तिवाद आता बराच बोथट झाला आहे. मोक्का उडाला तरी माणूस सुटतोच असंही नाही. खुनाचं कलम स्वतःच्या पायावर उभं असतं, आणि दोन प्रत्यक्षदर्शी ठाम राहिले असतील तर मोक्काविनाही जन्मठेप कायम राहते. म्हणून शूटरच्या वकिलाने मंजुरीवर दिवस घालवण्यात अर्थ नसतो आणि सूत्रधाराच्या वकिलासाठी मात्र ती बाजू सोन्याची असू शकते. एकाच खटल्यातल्या आरोपींनी वेगवेगळे वकील का करावेत, याचं हे एक कारण. बचाव एकमेकांना छेद देतात.

अपील किती दिशांना जाऊ शकतं, ते लखनभैया प्रकरणात एकाच निकालपत्रात दिसलं. नोव्हेंबर २००६मध्ये वर्सोव्यात पोलिसांनी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैयाला चकमकीत मारल्याचं जाहीर केलं. तो छोटा राजनच्या टोळीतला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. त्याचा भाऊ वकील. चकमक बनावट असल्याचा आरोप घेऊन तो वर्षानुवर्षं लढला. २०१३ साली सत्र न्यायालयाने एकवीस जणांना दोषी धरलं आणि ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ म्हणून गाजलेल्या प्रदीप शर्मा यांना निर्दोष सोडलं. दोषींनी अपील केलं, तसं शर्मांच्या सुटकेविरुद्ध सरकारनेही केलं आणि मृताच्या भावानेही. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने तेरा जणांची जन्मठेप कायम ठेवली, सहा जणांना सोडलं आणि शर्मांची निर्दोष मुक्तता रद्द करून त्यांना जन्मठेप दिली. दोन दोषी दरम्यान वारले होते. पेपरबुक एकच होतं, निष्कर्ष मात्र तीन निघाले.

निर्दोष सुटलेल्याला वरच्या न्यायालयात शिक्षा होणं सोपं नाही. पुराव्यातून दोन मतं निघू शकत असतील तर खालच्या कोर्टाने आरोपीच्या बाजूचं घेतलेलं मत सहसा मोडायचं नाही, असा नियम आहे. पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या २०११च्या खुनात छोटा राजनला २०१८ साली जन्मठेप झाली, पण त्याच खटल्यातून सुटलेल्या एका महिला पत्रकाराविरुद्धचं अपील उच्च न्यायालयाने २०१९ साली फेटाळलं, ते याच नियमाला धरून. शर्मांच्या बाबतीत खंडपीठाला खालचा निष्कर्ष पुराव्याशी पूर्ण विसंगत वाटला. मात्र असं झालं की कायदा भरपाईही करतो. एरवी उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जायचं तर आधी घटनेच्या कलम १३६ खाली विशेष परवानगी मागावी लागते. ती मिळेलच असं नाही, आणि बहुतेक याचिका पहिल्याच तारखेला काही मिनिटांत निकाली निघतात. पण निर्दोष सुटलेल्या माणसाला उच्च न्यायालयानेच पहिल्यांदा जन्मठेप दिली असेल तर त्याला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्कच असतो. माझ्या मते फौजदारी प्रक्रियेतली ही सर्वांत शहाणी तरतूद आहे. शिक्षेकडे निदान दोनदा पाहिलं गेलंच पाहिजे, हे तीत गृहीत आहे.

अपील दाखल करायची मुदत मोक्काखाली तीस दिवसांची, साध्या खुनाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात साठ दिवसांची. टोळीप्रमुखाला त्याची चिंता नसते. चिंता असते ती त्याने पाठवलेल्या वीस वर्षांच्या पोराला, ज्याच्या घरच्यांनी खटल्यातच सगळं विकलेलं असतं. अशाने तुरुंगाधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येतं आणि त्याला विनामूल्य वकीलही मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नसते. हा हक्क ठळक झाला तो १९७८च्या होस्कोट प्रकरणात, आणि तेही महाराष्ट्रातूनच गेलेलं. विद्यापीठाच्या बनावट पदव्यांच्या या प्रकरणात सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षं केली. निकालाची प्रत कैद्याच्या हातात पडलीच नाही, म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात चार वर्षांनी पोहोचला. अपील त्याचं फेटाळलं गेलं, पण कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळाली पाहिजे, गरज पडली तर वकीलही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने लिहून ठेवलं.

अपील दाखल झालं, ‘ॲडमिट’ झालं, की सुरू होतं थांबणं. पेपरबुक तयार व्हायचं, मराठीतल्या साक्षी इंग्रजीत यायच्या, मग मॅटर बोर्डावर यायचं, खंडपीठ बदलायचं आणि पुन्हा रांग. गवळीच्या बाबतीत सत्र न्यायालयाच्या निकालापासून उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत सात वर्षं गेली, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात आणखी साडेपाच. त्याच्यासारख्या धनदांडग्या अशिलाची ही गत, तर तुरुंगातून अपील पाठवणाऱ्याचं काय? जामिनाचा प्रश्न इथेच येतो. अपील प्रलंबित असताना शिक्षेला स्थगिती देऊन सोडता येतं. पण शिक्षा झाल्यावर निर्दोषत्वाचं गृहीतक संपलेलं असतं, त्यामुळे निकष कडक आहे. निकालपत्र वरवर वाचतानाच इतकी ठळक खोट दिसली पाहिजे, की अपिलात सुटका होण्याची बरीच शक्यता वाटावी. जन्मठेपेच्या प्रकरणात सरकार पक्षाला आधी लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते.

या निकषाला एक मोठा अपवाद १९७७ साली काश्मिरासिंग प्रकरणात तयार झाला. अपील स्वीकारायचं, पण पाच-सहा वर्षं ऐकायचं नाही, आणि तोवर माणसाला आत ठेवायचं. उद्या तो निर्दोष ठरला तर ती वर्षं कोण परत देणार, असा सर्वोच्च न्यायालयाचा प्रश्न होता. गवळीला जामीन मिळाला तो बराचसा याच वाटेने. सतरा वर्षं तीन महिने तुरुंगवास, शहात्तर वर्षांचं वय आणि न संपलेलं अपील. राजनचं प्रकरण गावदेवीतल्या हॉटेल व्यावसायिक जया शेट्टी यांच्या २००१च्या खुनाचं. त्याला शिक्षा झाली मे २०२४मध्ये, आणि ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. निकाल ताजा, इतर खटल्यांतली शिक्षा अंगावर, आणि त्याआधीची अनेक वर्षं देशाबाहेर फरार. सीबीआयने या बाबी मांडल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती उठवली. तसाही तो डे खुनाच्या शिक्षेमुळे तिहारमध्येच होता, त्यामुळे प्रत्यक्षात फरक शून्य.

दोन्ही आदेश नियमात बसतात. तरी गवळीचा आदेश वाचताना खटकतं ते असं, की जामसंडेकरांच्या खुनाची सुपारी त्याने घेतली होती की नाही, यावर तो काहीच म्हणत नाही. म्हणू शकतही नाही. वेळ लागला म्हणून माणूस बाहेर आला, पुरावा कच्चा ठरला म्हणून नाही. तो निर्दोष असेल तर सतरा वर्षं उशिराने, आणि दोषी असेल तर जामसंडेकरांच्या कुटुंबाने कशासाठी एवढी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या? न्यायालयांनी जामिनाचे निकष सैल करावेत की आवळावेत यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. अपील दोन वर्षांत ऐकलं गेलं तर त्या वादाची बहुतेक गरजच संपेल, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यासाठी न्यायमूर्तींच्या रिकाम्या जागा भरण्याचा कंटाळवाणा विषय मात्र कोणाला नको असतो.

शिक्षेविरुद्धच्या अपिलाबद्दल थोडं. खुनाला आपल्याकडे दोनच शिक्षा आहेत, जन्मठेप आणि फाशी. म्हणजे दोषी असणं मान्य करून ‘दहा वर्षं करा’ असं म्हणायला जागाच नाही. तसं हवं तर गुन्हाच खाली आणावा लागतो, खुनाच्या ३०२वरून सदोष मनुष्यवधाच्या ३०४वर. दोन टोळ्यांची अचानक जुंपली, आधी काही ठरलेलं नव्हतं, तर हे जमतं. सुपारीच्या खुनात अचानक काही नसतंच. फाशी झाली असेल तर ती उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही आणि १९८०च्या बच्चनसिंग निकालातली ‘दुर्मिळातली दुर्मिळ’ ही कसोटी लागते. २०१५पासून मधली एक पायरी पक्की झाली आहे. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय फाशी रद्द करताना वीस, पंचवीस, तीस वर्षं सुटका नाही, असं बजावून जन्मठेप देऊ शकतं.

अबू सालेमचा किस्सा या सगळ्यात निराळा. बिल्डर प्रदीप जैन यांच्या १९९५च्या खुनात त्याला २०१५ साली टाडा न्यायालयाने जन्मठेप दिली. टाडाचं अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जातं, मधली पायरी नाही. तिथे त्याच्याकडे एक वेगळाच मुद्दा होता. पोर्तुगालमधून त्याला आणताना भारत सरकारने फाशी किंवा पंचवीस वर्षांहून जास्त कैद देणार नाही, अशी हमी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२मध्ये मेळ घातला तो असा: सरकारची हमी न्यायालयाला बांधत नाही, म्हणून जन्मठेप राहील, पण ती सरकारला बांधते, म्हणून पंचवीस वर्षं भरताच सुटकेची पावलं सरकारने उचलायची. खुनाचा पुरावा किती भक्कम, यापेक्षा एका राजनैतिक पत्राने शिक्षेची लांबी ठरवली.

हमी नसलेल्या माणसाची जन्मठेप किती लांब? मरेपर्यंत. ‘चौदा वर्षं’ ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची ठरवणारा निकालही महाराष्ट्रातलाच. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेने, माफीचे दिवस धरता माझी शिक्षा भरली, असा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली तो फेटाळला. चौदा वर्षं ही फक्त खालची मर्यादा आहे. खुनात जन्मठेप भोगणाऱ्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं भरण्याआधी राज्य सरकार सोडू शकत नाही, आणि नंतर सोडायचं की नाही ते सरकारच्या धोरणावर. गवळीने हा दरवाजाही ठोठावला. वृद्ध आणि अशक्त कैद्यांसाठी २००६ साली केलेल्या धोरणाचा लाभ त्याने मागितला. त्याला शिक्षा झाली तेव्हा तेच धोरण लागू होतं, मोक्काच्या कैद्यांना वगळणारं नंतरचं धोरण नाही, असं त्याचं म्हणणं. नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२४मध्ये ते मान्य केलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जूनमध्ये स्थगिती मिळाली. म्हणजे एका माणसाच्या दोन वेगळ्या लढती एकाच इमारतीत चालू होत्या. एक म्हणत होती, मी दोषी नाही. दुसरी म्हणत होती, मी दोषी असलो तरी माझी शिक्षा भरली.

अशा अपिलांत आरोपीचं वय हाही एक पक्षकार असतो. अपील चालू असताना आरोपी वारला तर कैदेविरुद्धचं अपील संपतं. जवळच्या नातेवाइकांना नावावरचा डाग पुसायचा असेल तर ते तीस दिवसांत न्यायालयाची परवानगी घेऊन ते पुढे चालवू शकतात. दंडाविरुद्धचं अपील मात्र आरोपीबरोबर संपत नाही, कारण दंड त्याच्या मालमत्तेतून वसूल व्हायचा असतो.